न्यूयॉर्कच्या चिनी वस्तीतलं चर्च: मदत की गळ?

जर्सीतला वसईकर
काल इथे एकाने लिहिलं, "अमेरिकेत चर्चवाले चिन्यांना इंग्रजी शिकवतात, फॉर्म भरून देतात आणि हळूच बाप्तिस्मा उरकतात." डोकंच फिरलं. मॉट स्ट्रीटचं ट्रान्सफिगरेशन चर्च पाहिलंय कधी? इमारत १८०१ ची, मूळ ल्युथरनांची. १८५३ मध्ये कॅथलिकांनी घेतली. धर्मग्राम (म्हणजे चर्चची स्थानिक मंडळी) त्याआधीचा, क्युबाहून आलेल्या फादर वारेलांनी गरीब आयरिशांसाठी उभा केलेला. मग इटालियन आले, मग चिनी. आज मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, कँटोनीज, मँडरिन आणि इंग्रजीत होते. माझ्या शेजारची फुजियानची बाई हॉटेलात भांडी घासून चर्चच्या इंग्रजी वर्गाला जाते. बाप्तिस्मा घेतलेला नाही, कोणी विचारलंही नाही.

रोखठोक
एका बाईवरून निकाल? बरं. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचं दार बंद, १९४३ मध्ये उघडलं तेही वर्षाला १०५ जणांपुरतं. मधल्या काळात उधारी, नोकरी, भांडणं, मयत, सगळं त्यांच्या भाऊबंदांच्या आणि गावकऱ्यांच्या मंडळांनी निभावलं. तीही मॉट स्ट्रीटवरच बसत. त्यांचं कौतुक कोण करतो?

निर्मळची
आणि चर्चच्या मायेचं फार सांगू नका. याच इमारतीत आयरिशांनी इटालियनांना तळघरात मिस्सेला बसवलं. धर्म एकच, तरी! आपल्याकडे वेगळं काय? मुंबईच्या एका उपनगरात राहायला गेलो, मराठी मिस्सा विचारली, तर महिन्यातून एकदा, दुपारी दोनला, तीही फादर मिळाले तर. माझ्या आईचा सगळा जन्म मराठी प्रार्थनांत गेला, तिने शेवटी चर्चला जाणंच सोडलं.

बांद्रेकर
मराठी मिस्सेला पाच बाकं भरत नाहीत. फादरांनी भिंतींना प्रवचन द्यायचं?

निर्मळची
दुपारी दोनला जेवण सोडून कोण येणार? रविवारी सकाळी वसईत या, उभं राहायला जागा मिळाली तर सांगा! आमच्या वसईचे मराठी लेखक फादर दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, आणि तुम्ही आम्हाला बाकं मोजून दाखवता?

बांद्रेकर
संमेलन कशाला मध्ये? तुमची पोरं घरात इंग्रजीत भांडतात, तिथे आधी बघा.

निर्मळची
माझ्या पोरांवर जाऊ नका. तुमच्यासारख्यांमुळेच ती तशी झाली.

जर्सीतला वसईकर
अहो, धागा चिन्यांचा आहे!

रोखठोक
राहू द्या, रंगलाय. ताईंचं ऐकून न्यूयॉर्कच्या चर्चला एक गुण देतो: चिन्यांना त्यांच्या भाषेत देव भेटवला, आपल्या मुंबईकरांना तेही जमेना. बाकी नऊ गुण मंडळांचे.

जर्सीतला वसईकर
उपकार झाले. पण एकच माणूस सकाळी मंडळात आणि संध्याकाळी चर्चच्या वर्गात असतो, त्याचे गुण कोणाच्या खात्यात टाकणार?

रोखठोक
त्याच्याच. राबतो तो.

निर्मळची
ते गुण वाटून घ्या. दोनची मिस्सा सकाळी आणायला अर्ज कोणाकडे द्यायचा, ते सांगा. बांद्रेकर सोडून कोणीही.