अमेरिकी विद्यापीठांतली ‘विविधता’: भांडण प्रवेशाचं की पहिल्या सत्राचं?

पाणवठा:
जून २०२३ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत प्रवेशासाठी वंश बघायला मनाई केली. पुढच्या वर्षी एमआयटीच्या नव्या तुकडीत कृष्णवर्णीय विद्यार्थी ५ टक्के निघाले. आधीच्या चार वर्षांची सरासरी होती १३. गदारोळ त्यावरच चाललाय. पण दारातून आत आलेली मुलं गळतात ती पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलस-केमिस्ट्रीत, आणि त्यावरचा उपाय जुना आहे.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात गणितज्ञ युरी ट्राइसमन यांनी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाच्या मुलांचा कॅल्क्युलसचा अभ्यास जवळून पाहिला. प्राध्यापक सांगत, वर्गातल्या दर तासाला दोन तास घरी बसा. कृष्णवर्णीय मुलं तेच करत: आठवड्याला आठ तास, एकेकटी. चिनी मुलं साधारण चौदा तास देत. आधी एकट्याने, मग टोळक्याने उत्तरं ताडून बघत, एकमेकांच्या चुका काढत. एकट्या मुलाला आपली चूक थेट परीक्षेत कळे. ट्राइसमननी शिकवणी लावली नाही. उलट नेहमीपेक्षा कठीण गणितं दिली आणि ती गटात सोडवायला लावली. ‘कच्च्यांचा वर्ग’ म्हटलं की मुलं फिरकत नाहीत, ही त्यातली खोच.

तिरपी रेघ:
साफ असहमत. अकराशेच्या तुकडीत ५ टक्के म्हणजे पंचावन्न मुलं, वेगवेगळ्या वर्गांत विखुरलेली. एका प्रयोगशाळेत एकच कृष्णवर्णीय मुलगी असली तर जोडीदार निवडताना ती शेवटी उरते. तुमचा गट बनणार कोणाचा? आधी माणसं आत हवीत.

गणपुले_काका:
म्हणजे शेवटी कोटाच ना! आमच्या न्यूजर्सीतल्या मराठी पोरांनी सॅट या प्रवेशपरीक्षेत सोळाशेपैकी पंधराशे चाळीस काढून घरी बसायचं.

तिरपी रेघ:
काका, कोटा तिथे १९७८ लाच गेला. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या वैद्यकीय महाविद्यालयात १०० पैकी १६ जागा राखीव होत्या, ‘बॅकी’ (Bakke) नावाच्या खटल्यात त्या रद्द झाल्या. नंतर वंश हा अनेकांतला एक मुद्दा उरला होता. आपल्या बिंदुनामावलीशी त्याचा संबंध नाही. आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारं झुकतं माप २०२३ च्या निकालाने तसंच ठेवलं, त्यावर तुमचा राग दिसत नाही.

पाणवठा:
माणसं आत हवीत, मान्य. टेक्सासने १९९७ मध्ये वंशाचं नाव न घेता वाट काढली: प्रत्येक शाळेतल्या वरच्या १० टक्क्यांना सरकारी विद्यापीठात थेट प्रवेश. (ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाला २०२६ पासून ५ टक्केच.) वस्त्या वंशानुसार आणि शाळा वस्तीनुसार विभागलेल्या म्हणूनच हे चालतं, हा कडवट विनोद. शिवाय प्रवेश विद्यापीठात मिळतो, इंजिनिअरिंगला नाही. आणि ज्या शाळेत कॅल्क्युलस शिकवलंच नाही तिथला पहिला नंबरही केमिस्ट्रीत गटांगळ्या खातो.

ऑस्टिनमध्येच केमिस्ट्रीचे प्राध्यापक डेव्हिड लॉड यांनी १९९९ मध्ये सॅटला सुमारे दोनशे गुण मागे असलेली, गरीब घरची, कमी शिकलेल्या आईवडिलांची पन्नास मुलं वेगळी काढली. पाचशेंच्या वर्गाचाच अभ्यासक्रम, तेच व्याख्यान, तीच परीक्षा; फक्त वर्ग लहान, सोबत सल्लागार आणि वरच्या वर्गातले मार्गदर्शक. निकाल मोठ्या वर्गाच्या बरोबरीने लागला. निवडीत वंश नव्हता, म्हणजे आजही कायदेशीर.

निळी शाई:
लॉडचं उदाहरण चोख, पण त्यावरून विद्यापीठांतल्या विविधता कार्यालयांवरचा पैसा वायाच, असा निष्कर्ष काढू नका. सरकारी विद्यापीठांत अशी कार्यालयं ठेवायला मनाई करणारा टेक्सासचा सतरा क्रमांकाचा कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. त्यात वर्गातलं शिकवणं, संशोधन आणि विद्यार्थी संघटना यांना सूट आहे. संघटना कागदावर राहिल्या. त्यांना खोली, पैसे, मार्गदर्शक मिळवून देणारा पगारी माणूस गेला. ऑस्टिनमध्ये एप्रिल २०२४ ला असं काम करणारा विभागच बंद केला. फी थकल्यावर कोणत्या टेबलाकडे जायचं, हे घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलाला तिथलाच माणूस सांगतो.

पाणवठा:
फीसाठी माणूस शोधायला लावूच नये. जॉर्जिया स्टेट विद्यापीठ २०११ पासून हे काम यादी काढूनच करतं. पदवीच्या जवळ आलेल्या, थोडक्या बाकीमुळे नाव कापलं जाईल अशा मुलांची बाकी विद्यापीठ स्वतःहून भरतं, अर्ज न मागता. रकमा बहुधा काहीशे डॉलरच्याच.

निळी शाई:
आणि ती यादी रोज कोण बघतं? तिथेही सल्लागारांची भरती करावी लागलीच.