इंटेल आणि एएमडीनं एकमेकांच्या इन्स्ट्रक्शन घेतल्या, यात आपलं भलं झालं की नुकसान?

दारव्हा_रिपेअर
तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे माझं. परवा एका सेवा केंद्राचा डेस्कटॉप आला, इंटेलवाला, बोर्ड पूर्ण गेलेला. माझ्याकडे एएमडीचा सेकंडहँड बोर्ड होता तो बसवला, त्यांचीच हार्डडिस्क लावली, विंडोजनं ड्रायव्हर शोधत दोनदा रिस्टार्ट मारला आणि झालं चालू, दुपारी सातबारे निघायला लागले. कंपनी बदलली पण एकही प्रोग्राम नवा टाकावा लागला नाही.

चिपला समजणारे हुकूम म्हणजे इन्स्ट्रक्शन, ते दोन्ही कंपन्यांच्या चिपमधे सारखे आहेत म्हणून हे जमलं. पण हे फुकट मिळालेलं नाही. आयबीएमनं 1981 मधे पीसी काढला तेव्हा चिप इंटेलचा 8088 होता, पण एकाच कंपनीच्या भरवशावर राहायचं नाही म्हणून तोच चिप बनवणारा दुसरा कोणीतरी पाहिजे हा त्यांचा आग्रह होता, त्यातून 1982 चा इंटेल-एएमडी करार झाला. 386 च्या वेळी इंटेलनं डिझाइन द्यायला नकार दिला, कोर्टकचेरी झाली, तरी 1991 मधे एएमडीनं आपला 386 आणलाच. मग पारडं फिरलं. 64 बिटसाठी इंटेलनं एचपीला सोबत घेऊन आयटॅनियम नावाचा वेगळ्याच इन्स्ट्रक्शनचा चिप काढला, त्याच्यावर जुने प्रोग्राम रखडत चालायचे. एएमडीनं एक्स86 ला, म्हणजे पीसीच्या जुन्याच इन्स्ट्रक्शन सेटला, 64 बिट जोडलं, 2003 मधे त्यांचा ऑप्टेरॉन चिप आला, आणि 2004 मधे इंटेलनं तेच आपल्या चिपमधे घेतलं. मान कमी होईल म्हणून अडून बसले असते तर आज दोन प्रकारचं विंडोज, दोन प्रकारचे प्रोग्राम, आणि माझ्यासारख्याच्या दुकानात दुप्पट भंगार. रोटावेटर कोणत्याही ट्रॅक्टरच्या पीटीओला (मागच्या फिरत्या दांड्याला) लागतो ना, तसंच आहे हे.

कपाशी_अन्_कोड
भाऊ, बोर्ड चालला त्याचा आनंद आहे, पण ट्रॅक्टरची उपमा पटली नाही. पीटीओचं माप कोणताही कारखाना वापरू शकतो. एक्स86 चं तसं नाही, तो दोघांनी आपसात केलेला परवान्याचा व्यवहार आहे. आपल्याकडे 2002 नंतर बीटी कपाशी आली तेव्हा कृषी केंद्रात पाकिटं कितीतरी कंपन्यांची होती पण आतला जीन एकाच घरचा, आपण म्हणायचो भरपूर चॉइस आहे. इथं पण तेच, एएमडीला उद्या कोणी तिसऱ्यानं विकत घेतलं तर करारच संपतो असं कलम आहे त्यात. 2009 मधे भांडण मिटवायला इंटेलनं एएमडीला 125 कोटी डॉलर दिले, ते पण या दोघांतच मिटलं. तिसऱ्याला दार कुठं आहे?

मला रिस्क-फाइव्ह हा खुला इन्स्ट्रक्शन सेट जास्त जवळचा वाटते. 2010 मधे बर्कलेच्या विद्यापीठात सुरू झालं, तो वापरायला कोणाला रॉयल्टी नाही. आयआयटी मद्रासचा शक्ती, सरकारी सीडॅकचा वेगा हे प्रोसेसर त्याच्यावरच उभे आहेत. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या सरळ वाणासारखं, घरचं बी राखून पुढच्या साली पेरता येते.

दारव्हा_रिपेअर
खुलं आहे हे मान्य, पण रिस्क-फाइव्हमधे ज्याला वाटेल तो आपलं एक्स्टेन्शन, म्हणजे जास्तीच्या इन्स्ट्रक्शन, जोडू शकतो. दहा जणांनी दहा जोडले तर सॉफ्टवेअरवाल्यानं कोणतं धरायचं?

कपाशी_अन्_कोड
त्याच्यासाठीच प्रोफाइल ठरवतात ना, आरव्हीए23 हा 2024 मधे मंजूर झाला. एवढं असलंच पाहिजे हे सगळ्यांनी मिळून, सगळ्यांसमोर ठरवलेलं.

वऱ्हाडी_गडी
मी दोघायच्याही बाजूनं नाई. घेतात हे खरं हाये पन लय उशिरा घेतात अन् तवर भोगते गिऱ्हाईक. लय आकडे एका झटक्यात मोजाच्या जास्तीच्या इन्स्ट्रक्शनचंच पाहा: 2007 मधे एएमडीनं एसएसई5 सांगतलं, इंटेलनं 2008 मधे एव्हीएक्स सांगतलं, मंग एएमडीनं आपलं बदलून एफएमए4 (गुनाकार-बेरीज एकदम कराची इन्स्ट्रक्शन) केलं, 2011 च्या बुलडोझर चिपमधे टाकलं, अन् इंटेलनं 2013 मधे त्याचाच वेगळा प्रकार एफएमए3 आनलं. शेवटी झेन या पुढच्या चिपमधे एएमडीनं एफएमए4 सोडूनच देल्लं. ज्यानं त्याच्यासाठी कोड लिहिला त्याची मेहनत गेली ना. एव्हीएक्सचा मोठा भाऊ एव्हीएक्स-512 तं इंटेलचंच, पन बाराव्या पिढीच्या घरगुती चिपमधे त्यायनंच बंद केलं अन् 2022 मधे झेन 4 मधे एएमडीनं घेतलं!

माह्या भाच्यानं यवतमाळले कॉलेजसाठी स्वस्तातला लॅपटॉप घेतला, प्रोजेक्टसाठी टेन्सरफ्लो हे एआयचं सॉफ्टवेअर टाकलं तं चालूच होईना. त्या चिपमधे एव्हीएक्सच नाई. डब्ब्यावर कुठंच लिहिलं नोतं, दुकानदारालेही मालूम नोतं, पोरगं चार रात्री जागलं. म्हून मले वाटते का घेनं-देनं कराचं असंन तं स्वस्त चिपपासून महागापरेंत सारखं करा.

दारव्हा_रिपेअर
हे मात्र खरं आहे, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ऑक्टोबर 2024 मधे दोघांनी मिळून सल्लागार गट केला, लिनक्स बनवणारा लिनस टोरवाल्ड्स पण आहे त्यात, पुढचे फीचर दोघांकडे सारखे यावे हाच हेतू सांगितला आहे. मला त्याची आशा आहे.

भाच्याचा प्रोजेक्ट कधी द्यायचा आहे? माझ्याकडे चौथ्या पिढीचा आय5 डेस्कटॉप पडून आहे, एव्हीएक्स2 आहे त्यात. दारव्ह्याला येऊन घेऊन जा म्हणा, परीक्षा झाल्यावर आणून दिला तरी चालेल.

वऱ्हाडी_गडी
रविवारी येतो भाऊ त्याले घेऊन.