मदत हवी आहे: रेलिंगसाठी कातळात आणि जुन्या दगडी भिंतीत कुठला अँकर मारू?

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, सांभाळून घ्या.

घरामागे अकरा पायऱ्या आहेत आणि आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय म्हणून दोन्ही बाजूंना रेलिंग लावायचंय. एका बाजूला उघडा कातळ, दुसऱ्या बाजूला जुनी दगडी भिंत, चुन्यात बांधलेली. गेल्या महिन्यात एका फॅब्रिकेटरकडून लावून घेतलं तर त्याने सरसकट १० एमएमचे एक्सपान्शनवाले फास्टनर ठोकले. आठवड्याभरात भिंतीकडचे दोन नट नुसते गरगर फिरायला लागले, कितीही आवळा, पकडतच नाहीत. आणि कातळाकडे तर नट आवळतानाच टचकन आवाज आला आणि तळहाताएवढी खपली सुटून हातात आली, बोल्ट कडेपासून जेमतेम दीड इंचावर मारला होता. आई त्याच खांबाला धरून उतरणार होती हो, तेव्हापासून जीवाला घोर लागलाय.

आता मीच वाचून समजून घेतोय. एक्सपान्शनमध्ये नट आवळला की आतला शंकू वर ओढला जातो, बाहेरची चिरलेली नळी फाकते आणि भोकाच्या भिंतीवर दाबून बसते, म्हणजे सगळी पकड त्या दाबावर. दगड ठिसूळ असला किंवा कड जवळ असली की तोच दाब दगड फोडतो, एवढं कळलं. पण मग भिंतीत काय मारायचं, दगडात भोक पाडायचं की सांध्यात, कातळात किती खोल जायचं, आणि शेजारचे काका म्हणतात प्लास्टिकची गिट्टी आणि लांब स्क्रू पुरे, ते खरं का? कृपया ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.

प्रतिसाद

काकांचं ऐकू नका. गिट्टी स्विचबोर्ड, पडद्याचा रॉड यासाठी बेस्ट, माणूस जिथे आधाराला धरणार तिथे नाही. हिशोब बघा. खांब ९० सेंमी उंच, वरच्या टोकाला कोणी ५० किलोच्या जोराने आडवं ढकललं आणि बेस प्लेटवर (खांबाच्या तळाची बोल्ट मारायची पट्टी) मागचे बोल्ट पुढच्या कडेपासून १० सेंमीवर असतील तर मागच्या बाजूला ५० गुणिले ९० भागिले १० म्हणजे ४५० किलो ओढ येते. दोन बोल्टात वाटली तरी प्रत्येकी २२५. खांब सरळ वजनाने खाली बसत नाही, तो बोल्ट उपटायला बघतो, हे लोक विसरतात. प्लेट जमेल तेवढी मोठी घ्या, त्यानेच निम्मं काम होतं.

प्रतिसाद

दोन्हीकडे केमिकल अँकर, म्हणजे दोन भागांचं रेझिन (मिसळल्यावर घट्ट होणारा चिकट पदार्थ) आणि थ्रेडेड रॉड, म्हणजे आटे पाडलेली सळई. यात फाकणं नाही त्यामुळे दगडावर आतून ताण येत नाही. कातळात १२ एमएम रॉडला १४ एमएमचं भोक आणि साधारण ११० एमएम खोल, पण ही खोली चांगल्या दगडात मोजायची, वरचा झिजलेला पापुद्रा धरायचा नाही. तुमच्या कार्ट्रिजच्या (रेझिनच्या नळकांड्याच्या) कागदावर काय लिहिलंय ते शेवटचं प्रमाण.

खरी गोम सफाईत आहे. भोक पाडलं की पंपाने फुंकर, मग तारेचा ब्रश, मग परत फुंकर, हे निदान दोन-तीनदा. भोकात पीठ राहिलं तर रेझिन दगडाला न चिकटता पिठाला चिकटतं आणि रॉड रेझिनसकट गोळा होऊन बाहेर येतो, मी स्वतः असा एक हाताने उपटलाय. कार्ट्रिज उघडल्यावर पहिले काही दाब फेकून द्या, रंग एकसारखा येईपर्यंत. नळी तळाला टेकवून मागे घेत साधारण दोन तृतीयांश भरा, रॉड हळूहळू फिरवत आत घाला, तोंडाशी थोडं रेझिन बाहेर आलं म्हणजे भोक पूर्ण भरलं. मग हात लावायचा नाही! नट आवळायची घाई केली की आतली पकड तुटते आणि वरून काही दिसत नाही.

धागाकर्ता

खूप आभार दादा. आज हातोडी घेऊन सगळ्या जागा ठोकून बघितल्या. कातळ बऱ्याच ठिकाणी खणखणीत वाजतो, पण जिथे खपली सुटली तिथून हातभर डावीकडे बद्द आवाज येतो, म्हणजे आतून सुटलेला आहे ना? आणि भिंतीत एक चाचणी भोक पाडलं तर ड्रिल दोन इंच दगडात गेलं आणि पुढे एकदम भसकन आत गेलं, बाहेर आलं ते पांढरं पीठ आणि माती.

प्रतिसाद

बद्द आवाज म्हणजे आत भेग, ती जागा सोडाच. खांब सरकवा, बोल्टांत एकमेकांपासून व्यासाच्या दहापट तरी अंतर ठेवा, म्हणजे १२ एमएमला १२ सेंमी.

भिंतीचं सांगते. जुन्या भिंतीला बहुतेक वेळा दोन तोंडं असतात आणि पोटात खडी, चुना, मातीची भर, तुमचं ड्रिल त्या भरीत गेलं. तिथे नुसतं रेझिन ओतलं तर पोकळीत वाहून जाईल, म्हणून जाळीची नळी मिळते, ती भोकात बसवून तळापासून पूर्ण भरायची, रॉड घातला की रेझिन जाळीतून थोडं बाहेर येऊन आत गच्च बसतं. भोक मोठ्या दगडाच्या मधोमध घ्या, कडेला नको, आणि तिथे ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा मोड) बंद ठेवून नुसतं फिरवून पाडा. (जपायच्या वास्तूत हलकी पाटी वगैरे सांध्यात लावतात म्हणजे दगड खराब होत नाही, पण ते हलक्या वजनाला, रेलिंगला नाही.) पण भिंतीची पलीकडची बाजू मोकळी असेल तर सगळ्यात भरवशाचं म्हणजे आरपार रॉड आणि मागून मोठी प्लेट. दिसायला थोडं जाड दिसतं, चालेल. बाहेरच्या पावसात आहे तेव्हा रॉड, नट, वॉशर सगळं स्टेनलेस, एक स्टेनलेस आणि एक साधा असं मिसळू नका, साधा आधी गंजतो.

धागाकर्ता

ताई, पलीकडची बाजू मोकळी आहे! मग भिंतीला आरपारच करतो आणि कातळाकडे केमिकल. एकच शंका, सध्या थंडी आहे, रेझिन किती वेळ सुकू द्यायचं?

प्रतिसाद

कार्ट्रिजवर तापमानाचा तक्ता असतो, हवेचं नाही तर दगडाचं तापमान बघा. थंडीत तोच वेळ कित्येक पट वाढतो. बाहेर उरलेला गोळा दगडासारखा झाला म्हणून आतलं झालं असं धरू नका. मग नट आवळा, कागदावरच्या टॉर्कपर्यंत (आवळायच्या जोरापर्यंत), आणि आईंच्या आधी तुम्ही स्वतः खांबाच्या डोक्याला धरून पायरीच्या बाहेरच्या बाजूला जोरात रेटा. नटाखालची वॉशर जरा जरी उचलली तर त्या रॉडसाठी पुन्हा भोक पाडा, नव्या जागी.