शेवरलेट २१६ इंजिनाच्या जुन्या ट्रकला ऑइल फिल्टर बसवावा की नाही?

घाटमाथा

आमच्याकडे १९४८ सालचा शेवरलेट ट्रक आहे. शिवडीला जनरल मोटर्सचा जो जुळणीचा कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला आणि १९५४ मध्ये बंद पडला, तिथून बाहेर पडलेल्यांपैकी हा एक. आजोबांच्या काळात त्यातून कराडहून गूळ जात असे. आता तो क्वचितच रस्त्यावर येतो, पण स्वतःच्या इंजिनावर येतो. इंजिन मूळचे २१६ घनइंचांचे, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचे, सहा सिलिंडरांचे आहे आणि त्याला ऑइल फिल्टर नाही. त्या काळी फिल्टर वेगळे पैसे मोजून घ्यावा लागे. आजोबांनी तो खर्च केला नसावा.

माझे मत असे आहे की तो आता बसवावा. पूर्वीच्या साध्या तेलात काजळी आणि धूळ खाली बसत असे, चेंबरच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीच्या) तळाशी गाळ साचत असे, आणि ठरावीक काळाने चेंबर उतरवून तो खरवडून काढणे हे देखभालीचेच काम मानले जाई. आजच्या डिटर्जंट तेलाचे वागणे याच्या उलट आहे. ते घाण तळाशी बसू देत नाही, सोबत घेऊन फिरते, आणि ती पुढे फिल्टरमध्ये अडकेल असे गृहीत धरते. ज्या इंजिनात फिल्टरच नाही तिथे ती घाण तेल बदलेपर्यंत बेअरिंगांमधूनच फिरत राहणार. पंपाच्या तोंडाशी जाळी आहे हे खरे, पण ती खडे आणि पॅकिंगचे तुकडे अडवते. बारीक कण तिच्यातून सहज निघून जातात.

म्हणून त्या काळच्या पद्धतीचा, डब्यात बदलता एलिमेंट (गाळणीचा भाग) असलेला बायपास फिल्टर, म्हणजे एका वेळी थोडेसेच तेल गाळणारा, बसवण्याचा विचार आहे. ब्लॉकच्या बाजूला तेलाच्या मुख्य मार्गावर जे बूच आहे तिथून एक बारीक नळी डब्यात आणायची आणि दुसरीने गाळलेले तेल चेंबरमध्ये परत सोडायचे. ब्लॉकला नवे भोक पाडायचे नाही. यावर अनुकूल-प्रतिकूल मते कारणांसह हवी आहेत.

जुना फिटर

माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. या इंजिनाची तेल देण्याची रीत नीट समजून घेतली, तर आपल्यालाही कदाचित तसेच वाटेल.

२१६ मध्ये दाबाने तेल मिळते ते मुख्यतः क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या मेन बेअरिंगांना. कनेक्टिंग रॉडच्या बिग एन्डला, म्हणजे क्रँकवर बसणाऱ्या टोकाच्या बेअरिंगला, दाबाचे तेल जातच नाही. प्रत्येक रॉडच्या टोपीखाली एक डिपर असतो, चेंबरमध्ये त्याच्याखाली तेलाची पन्हळ असते, आणि क्रँक फिरताना डिपर त्या पन्हळीतले तेल उचलून बेअरिंगला देतो. वेग वाढला की एवढ्याने भागत नाही. मग चेंबरमधल्या बारीक नळ्यांतून सुटणारी तेलाची धार थेट डिपरच्या तोंडावर बसते. या धारांचा नेम तपासण्यासाठी त्या काळी वेगळा गेज मिळत असे, इतके ते काम नाजूक आहे. हे सगळे चालते किती दाबावर? गाडीतला मीटर दर चौरस इंचाला ३० पौंडांपर्यंतचा असला, तरी गरम इंजिनाला रस्त्याच्या वेगात १४ पौंडांच्या आसपास दाखवले तर ते ठणठणीत समजायचे. मंद चालीत काटा जवळपास तळाला टेकतो.

अशा इंजिनातून, जिथे दाब मुळात बेताचा आहे आणि मेन बेअरिंगे पाऊणशे वर्षांत थोडीफार सैलावलेली असणारच, आपण तेलाचा एक फाटा काढून बिग एन्डला न देता थेट चेंबरमध्ये सोडणार. बिग एन्डला ओतीव व्हाइट मेटल (बेअरिंगचा मऊ मिश्रधातू) आहे. ते गेले तर दुकानातून शेल (बेअरिंगच्या तयार वाट्या) आणून बसवता येत नाही. ओतणारा आणि नंतर खरवडून बसवणारा माणूस शोधावा लागतो, आणि असे कारागीर आता मोजकेच उरले आहेत. शिवाय व्हाइट मेटल मऊ असते, ते बारीक कण पोटात घेते आणि क्रँकचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत भाग) वाचवते. चेंबर उतरवून स्वच्छ करा, चांगले तेल घाला आणि ते वरचेवर बदला. जेमतेम पाच लिटर तेलाचा प्रश्न आहे; ट्रक वर्षातून थोडाच चालतो, तर खर्चाचे ओझे ते कितीसे?

मिशिगनकर

मी नोकरीनिमित्त इकडे असते आणि सुटीच्या दिवशी याच घराण्यातल्या इंजिनांवर काम करणाऱ्यांच्या गॅरेजमध्ये रमते. जुना फिटर यांनी केलेले तेलमार्गाचे वर्णन बिनचूक आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

बायपास फिल्टर म्हणजे उघडा नळ नव्हे. त्याच्या मार्गात मुद्दाम एक बारीक छिद्र ठेवलेले असते, कधी डब्याच्या मधल्या नळीला, तर कधी जोडणीच्या नटात. साधारण दीड मिलिमीटरचे. त्यामुळे पंपाच्या तेलापैकी थोडासाच भाग एका वेळी डब्यातून जातो. रस्त्याच्या वेगात गिअर पंप गरजेपेक्षा जास्त तेल देत असतो आणि तो जादा भाग रिलीफ व्हॉल्व्ह (दाब वाढला की उघडणारी झडप) एरवीही चेंबरमध्येच परत सोडतो, म्हणजे फिल्टरकडे जाणारे तेल बहुतांशी त्या जादा भागातले असते. मंद चालीत मात्र व्हॉल्व्ह बंद असतो आणि तिथे दाब थोडा उतरतो, हे मान्य करायला हवे. तथापि त्या गतीला बिग एन्डचे काम डिपर आणि पन्हळच करतात, धार नव्हे.

खरा धोका दुसरीकडे आहे आणि तो अनेकदा घडताना दिसतो. लोक जुना डबा मिळत नाही म्हणून आजचा, आटे पिळून बसवायचा फिल्टर घेतात आणि त्याच दोन नळ्यांच्या मध्ये जोडतात. तो फिल्टर पूर्ण प्रवाहासाठी बनवलेला असतो. सगळे तेल त्यातून सहज जावे हीच त्याची रचना, त्यामुळे त्याच्यात अडवणूक अशी जवळपास नसते. बारीक छिद्राशिवाय तो बायपासवर जोडला की तेल वाट मोकळी पाहून चेंबरकडे धावते आणि मीटरचा काटा गडगडतो. मग दोष येतो फिल्टर या कल्पनेवर.

व्हाइट मेटल कण पोटात घेते, हे खरे आहे. पण त्याच्या पोटालाही मर्यादा असते. पृष्ठभागावर अर्धवट रुतून राहिलेला कठीण कण जर्नलला कानसासारखा घासतो. महाराष्ट्रातल्या कच्च्या रस्त्यांची धूळ, ऑइल-बाथ एअर क्लीनर आणि क्रँककेसला उघडी श्वासनळी, हे तिन्ही लक्षात घेतले तर कण येतच राहणार.

सरळमार्गी

एवढी कसरत करण्यापेक्षा ब्लॉकमध्ये पंपाची वाट अडवून सगळेच तेल फिल्टरमधून का फिरवू नये? शेवरलेटच्याच २३५ घनइंचांच्या इंजिनावर असे केलेले लोक आहेत.

मिशिगनकर

१९५३-५४ नंतरच्या २३५ वर, ज्यात बिग एन्डलाही दाबाने तेल मिळते आणि बदलता येणारे शेल आहेत, तिथे ते काही जण करतात. २१६ मध्ये त्यासाठी जुन्या बिडाच्या ब्लॉकला भोके आणि आटे पाडावे लागतील, आणि एवढे करून बिग एन्डला मिळणार पन्हळीतलेच तेल. हे काम परत फिरवता येत नाही. माझ्या मते हा विचार इथेच सोडावा.

मूळ ढाचा

मला वेगळ्या बाजूने विचारायचे आहे. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. ते खासगी वापराच्या, पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींसाठी आहेत आणि वाहन मूळ स्वरूपात असावे, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत, अशी त्यांत अट आहे. ट्रकला तो मार्ग लागू होतो का, हे त्याच्या सध्याच्या नोंदणीच्या प्रकारावर ठरेल आणि आरटीओत विचारूनच कळेल. पण उद्या तसा अर्ज करायची वेळ आली, तर इंजिनावर मूळची नसलेली वस्तू दिसायला नको, असे माझे म्हणणे आहे.

घाटमाथा

त्या काळी विकत मिळणारी, बुचाच्या जागी पान्याने लागणारी आणि पान्यानेच निघणारी वस्तू मोठा फेरफार ठरेल असे मला वाटत नाही. याच दशकातल्या विलीज जीपच्या इंजिनावर असाच बायपास डबा कारखान्यातूनच येत असे, आणि आपल्याकडच्या जीपच्या मिस्त्रींना तो चांगला परिचयाचा होता. तरीही मूळ बुचे पिशवीत घालून जपून ठेवीन, म्हणजे वादच नको.

जुना फिटर

छिद्राचा मुद्दा मान्य आहे. तरीही माझे दोन आक्षेप उभे आहेत आणि त्यांचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.

एक म्हणजे नळी. जुन्या चित्रांत शोभते म्हणून लोक तांब्याची नळी वाकवून लावतात. इंजिन हलते आणि डबा मॅनिफोल्डजवळच्या पत्र्याच्या पट्टीवर वेगळा हलतो. तांबे अशा थरथरीने कडक होत जाते आणि बहुधा युनियनच्या (नळीच्या जोडाच्या) गळ्याशी तडकते. पुरवठ्याची नळी तडकली तर चेंबर रिकामा व्हायला वेळ लागत नाही, आणि शेजारी गरम एग्झॉस्ट असतो. फिल्टर नसलेल्या इंजिनात निदान हा धोका नाही.

दुसरे म्हणजे पाणी. जो ट्रक महिनोन्महिने शेडमध्ये उभा राहतो आणि मग गावाबाहेर चक्कर मारून परत येतो, त्याचे तेल पुरेसे तापतच नाही. ज्वलनातली वाफ तेलात थंड होते, आम्ल तयार होते आणि त्याचाच पुढे गाळ होतो. फिल्टर हे पाणी काढत नाही. डबा लावला म्हणून मालक निर्धास्त होतो, तेल बदलायचे पुढे ढकलतो, आणि फिल्टर असूनही इंजिनाचे वाटोळे होते. फिल्टरमुळे आळस येतो, हा माझा अनुभवाचा मुद्दा आहे. तो कुठल्या पुस्तकात सापडणार नाही.

तेलपाणी

पाण्याबाबत शंभर टक्के सहमत. ट्रक बाहेर काढायचा तर तास-दीड तास चालवावा, नाही तर सुरूच करू नये. दहा मिनिटे सुरू करून बंद करणे हे सगळ्यांत वाईट, आणि नेमके तेच सगळे करतात.

मिशिगनकर

नळीबद्दलचा आक्षेप रास्त आहे, पण त्याला उपाय आहे: पोलादी नळी, किंवा तेल आणि उष्णता सोसणारा विणीचा होज, दोन्ही बाजूंना थोडा सैल वळसा ठेवून आणि मध्ये एक क्लिप देऊन. आळसाला माझ्याकडे उपाय नाही. मात्र तेल ठरल्या तारखेला बदलणाऱ्या माणसासाठी फिल्टरचा फायदा उरतोच.

एक गोष्ट मात्र दोन्ही पक्षांनी मानायला हरकत नसावी. डिटर्जंट तेल घालण्याआधी चेंबर उतरलाच पाहिजे. वर्षानुवर्षे साध्या तेलावर चाललेल्या इंजिनात गाळाचा थर पन्हळींमध्ये आणि धारेच्या नळ्यांच्या तोंडाशी बसलेला असतो. नवे तेल तो सोडवते, सुटलेला गाळ जाळीवर येऊन बसतो आणि पंप उपाशी राहतो. तिथे फिल्टरही मदतीला येत नाही, कारण तो पंपाच्या पुढे आहे.

घाटमाथा

चेंबर या पावसाळ्यात उतरवणार आहे. पन्हळी, नळ्यांचा नेम आणि जाळी पाहून, बिग एन्डची सैल तपासून मगच पुढचे ठरवेन. सैल जास्त निघाली तर जुना फिटर यांचे म्हणणे ऐकून फिल्टरचा विषय बेअरिंगे होईपर्यंत बाजूला ठेवेन. पुण्यातल्या जुन्या बाजारात एक डबा पाहून ठेवला आहे, झाकणाचा बोल्ट आणि एलिमेंट दोन्ही शाबूत आहेत, पण छिद्र कुठे आहे ते मला दिसले नाही.

जुना फिटर

झाकण काढून मधली नळी बघा. तिच्या वरच्या बाजूला टाचणीच्या जाडीहून थोडे मोठे भोक असायला हवे. ते नसेल, किंवा कोणी ड्रिल मारून मोठे केलेले असेल, तर पुरवठ्याच्या बाजूच्या नटात पितळी तुकडा बसवून त्याला दीड मिलिमीटरचे भोक लेथवर करून घ्या. बसवल्यावर इंजिन पूर्ण तापवा, आणि मंद चाल व रस्त्याची चाल या दोन्हींत फिल्टरविना आणि फिल्टरसह दाब किती दिसतो ते लिहून काढा. रस्त्याच्या चालीत दोन पौंडांहून अधिक फरक आला, तर मी बूच परत लावायलाच सांगेन.