१९७१चा स्क्रूज यादीतून सुटलाय

डिकन्सच्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’ या कथेवरच्या, म्हणजे कंजूष स्क्रूजवरच्या, चित्रपटांची यादी इथे चाललीय. २००९चा जिम कॅरीचा स्क्रूज मूळ कथेला सर्वांत जवळचा, असं त्यात म्हटलंय; ते संवादांपुरतं मान्य. पण मोशन कॅप्चरमुळे (नटांच्या हालचाली टिपून केलेलं अ‍ॅनिमेशन) चेहरे मेणाचे वाटतात, आणि स्क्रूज उंदराएवढा होऊन पळत सुटतो तो प्रकार निव्वळ थ्रीडीसाठी घुसडलेला.

रिचर्ड विल्यम्सचा १९७१चा अ‍ॅनिमेशन लघुपट कुणीच घेतला नाही. जेमतेम २५ मिनिटांचा, पण ऑस्कर मिळालेला. आवाज अ‍ॅलिस्टर सिमचा, म्हणजे १९५१च्या चित्रपटातला स्क्रूजच. मार्लीही (स्क्रूजच्या मेलेल्या भागीदाराचं भूत) तेव्हाचाच, मायकेल हॉर्डर्न. रेखाटनं पुस्तकातल्या जॉन लीचच्या मूळ चित्रांच्या वळणाची, बारीक रेघांनी भरलेली. डोक्याचं फडकं सोडल्यावर मार्लीचा जबडा खाली लोंबतो आणि पुढचं सगळं तो तसाच, ओठ न हलवता बोलतो. वर्तमान नाताळच्या भुताच्या झग्याखालची ती दोन भुकेली मुलंही यात आहेत. १९८३च्या मिकीवाल्या आवृत्तीत ती गाळलीत.