गाढवं कामाला होती तेव्हा: तुमच्या आठवणी लिहा

पुण्याच्या पेठांतले कितीतरी वाडे अशा बोळांत उभे राहिले, जिथे बैलगाडी वळतच नव्हती. विटा, माती, वाळू आत गेली ती गाढवांच्या पाठीवरून. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातली गाढवं साधारण ३ लाख २० हजारांवरून १ लाख २० हजारांवर आली. ज्यांच्या दारात ती बांधलेली असायची, त्या घरांतल्या माणसांनी आता लिहायला हवं. काम कुठलं होतं, खेपेचे पैसे कसे ठरत, चारा काय घालत, सगळं लिहा. छोटंसं असलं तरी चालेल.

फलटणहून:
आमचं कुंभाराचं घर. उन्हाळ्यात तळं आटलं की गाळाची माती आणायची. पाऊस लागायच्या आत ती घरात यायलाच हवी, म्हणून आप्पा उजाडायच्या आधी गाढवं घेऊन निघत. लीदसुद्धा वाया जात नसे. वाळवून, कुटून, चाळून ती मातीत मळायची. आव्यात ती जळून जाते, बारीक छिद्रं राहतात आणि माठातलं पाणी त्यातून पाझरून गार होतं. बाजाराच्या दिवशी मडकी जाळीत भरायची, मध्ये पेंढा. त्या दिवशी आप्पा हातात काठी घेत नसत, नुसते तोंडानं चुचकारत. जनावर बुजलं तर आठवड्याची कमाई रस्त्यात फुटायची. गावानं या जनावराला हिणवलं, पण आमच्या घरात त्याच्या आधी कुणी जेवलं नाही.

वाईहून:
आम्ही परीट. गाठोडी लादली की गाढवं आपली आपण कृष्णेच्या घाटाकडे निघायची, आई मागून सावकाश. तिथं ओझं उतरवून पुढचे दोन पाय दोरीनं सैल बांधायचे आणि चरायला सोडायचं. पावसाळ्यात मात्र त्यांचे हाल. कपडे वाळत नसत, मग ओली गाठोडी परत तशीच लादावी लागत. आईला ते बघवत नसे, निम्मी ती स्वतःच्या डोक्यावर घ्यायची.

लातूरहून:
लहान मुलाला खोकला झाला की गाढविणीचं दूध पाजायचे. बाया गाढवीण घेऊन दारोदार फिरत, दारातच पिळून चमच्यानं देत. डॉक्टर आता असं कच्चं दूध नको म्हणतात, तेही बरोबरच आहे.

जेजुरीजवळून:
आम्ही वडार. पौष पौर्णिमेला खंडोबाच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो, वडील दरसाल जायचे. आधी दात बघायचे, वयावर किंमत. गुजरातेतून आलेली काठेवाडी गाढवं उंचीला मोठी, त्यांना भाव जास्त. पैसे कमी पडले तर शब्दावर उधारी, ती पुढच्या यात्रेत फिटायची. कागद कधी झाला नाही. वैदू, कैकाडी, बेलदार, कुंभार सगळे तिथं भेटायचे, सोयरिकीही तिथंच जुळायच्या.

पुण्याहून, पुन्हा:
जेजुरीकर दादा, वडील घरी काठेवाडी ठेवत की गावठी?

जेजुरीजवळून:
गावठी. काठेवाडी ओझं जास्त नेतं, पण खातंही तसंच. आमचं बिऱ्हाड कामामागं फिरणारं, वाटेत मिळेल त्या पाल्यावर गावठीच तगायचं.