ग्रामपंचायत सदस्यांचं पायाभूत प्रशिक्षण झालं, पुढची पाच वर्षं काय शिकवायचं?

माळरान
आमच्या तालुक्यात नव्या सदस्यांचं पायाभूत प्रशिक्षण पार पडलं. पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारी 73 वी घटनादुरुस्ती, अकराव्या अनुसूचीतले पंचायतींकडचे 29 विषय, 1958 चा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, शाश्वत विकासाच्या 9 संकल्पना, सगळं सांगून झालं, पुस्तिकाही वाटल्या. तरी मासिक सभेत खर्चावर एकही प्रश्न येत नाही. सह्या होतात आणि सभा संपते. राष्ट्रीय ग्राम स्वराज अभियानात (पंचायतींच्या प्रशिक्षणाची केंद्राची योजना) निवडीनंतर सहा महिन्यांत पायाभूत आणि दोन वर्षांत उजळणी प्रशिक्षण धरलेलं आहे. मधल्या काळात फारसा खर्च न करता तालुक्यात काय करता येईल? बहुतेक ग्रामपंचायती 7 ते 11 सदस्यांच्या आहेत, निम्म्या जागांवर महिला.

नमुना_पाच
कलमं बाजूला ठेवा आणि सदस्यांच्या स्वतःच्या गावाचं दप्तर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या नोंदवह्या, त्यांच्यासमोर उघडा. एकच महिना निवडा. त्या महिन्यातल्या नमुना 7 (सामान्य) आणि नमुना 10 (कर व फी) च्या पावत्यांची बेरीज सदस्यांनाच करू द्या. ती नमुना 5 च्या, म्हणजे रोकड वहीच्या, जमा बाजूशी जुळते का ते पाहा. मग बँकेचं पासबुक घ्या. न वटलेला धनादेश, बँकेचे आकार किंवा व्याज यांमुळे फरक पडू शकतो, तो कागदावर दाखवता येतो. तसा दाखवता येत नसेल, तर वसुलीची रक्कम हातात राहिलेली असण्याची शक्यता मोठी. दोन तासांत एवढं जमलं की सदस्य पुढच्या सभेत जमाखर्च गुपचूप मंजूर करत नाही.

दुसरा सराव राखीव खर्चाचा. मागासवर्गीयांसाठी 15 टक्के, महिला व बालकल्याण 10 टक्के, दिव्यांग 5 टक्के. इथं नेहमीची चूक म्हणजे ही टक्केवारी शासनाच्या अनुदानासकट एकूण रकमेवर काढणं. ती स्वउत्पन्नावर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या कर-फीसारख्या उत्पन्नावर, काढायची. स्वउत्पन्न 4 लाख असेल तर अनुक्रमे 60,000, 40,000 आणि 20,000 रुपये. हा हिशेब सप्टेंबरमध्येच मांडून घ्या. मार्चपर्यंत थांबलं की घाईत खुर्च्या-सतरंज्यांची खरेदी होते आणि ज्यांच्यासाठी पैसा आहे त्यांना कुणी विचारत नाही.

चावडी
दप्तर वाचता यायलाच हवं, पण माझ्या मते सुरुवात गावच्या विकास आराखड्यापासून, म्हणजे वर्षभराच्या कामांच्या योजनेपासून, व्हावी. रोकड वहीत दिसतो तो झालेला खर्च, निर्णय त्याआधीच झालेला असतो. पंधराव्या वित्त आयोगात 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच, होता, त्यातला निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. हे ठाऊक नसलेले सदस्य सगळा निधी पेव्हर ब्लॉक आणि सभामंडपावर मागत राहिले. आणि काम आराखड्यात नसेल तर ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या ऑनलाइन हिशेब प्रणालीवर त्याचं देयक निघत नाही, हे अनेकांना काम झाल्यावर कळलं. निधी कोणताही असो, त्याच्या अटी आराखड्याआधी वाचून घ्यायची सवय लावा.

सरपंचांसाठी वेगळा अर्धा दिवस हवाच. त्यांची डिजिटल स्वाक्षरीची की आणि पिन संगणक परिचालकाकडे असणं ही फार धोकादायक सवय आहे. सरपंचांनी स्वतः व्हाउचर उघडून देयक, मोजमाप पुस्तिकेतली नोंद आणि कामाचा फोटो पाहायचा, मगच स्वाक्षरीची की लावायची. हे प्रत्यक्ष संगणकावर बसवून शिकवा, स्लाइड दाखवून जमत नाही.

कामावर जायचं तर एस्टिमेटची प्रत आणि मोजपट्टी घेऊन. 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद, 15 सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीट रस्त्याला 45 घनमीटर माल लागतो. जाडी 12 ठेवली तर 36, म्हणजे पाचवा हिस्सा गायब. जाडी ओतकामाआधी साच्याला पट्टी लावून मोजायची, दर काही मीटरवर. नंतर फक्त कड दिसते, आणि कडेला जाडी बरोबरच ठेवलेली असते.

रानजाई
महिला सदस्यांबद्दल थोडं. तालुक्याच्या सभागृहात सकाळी 10 ला बोलावलं की एक तर त्या येत नाहीत, नाही तर घरातला पुरुष येऊन बसतो. पाच-सहा गावांमधलं मध्यवर्ती गाव निवडा, वेळ 11 ते 4, लहान मुलांसाठी शेजारी खोली. सोयाबीनच्या काढणीत ठेवू नका. एका गावातून किमान दोघींना बोलवा, कारण सभेत एकटीनं उभं राहणं अवघड जातं. सोबत आलेल्यांना पहिल्याच सत्रात नम्रपणे बाहेर बसवा. एकदा सूट दिली की पुढे ती सवय मोडता येत नाही.

सराव प्रोसिडिंगचा, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताचा, घ्या. सभेची नोटीस पूर्ण तीन दिवस आधी मिळाली का, विषयपत्रिकेत नसलेला ठराव ऐन वेळी घुसवला का, हे त्यांनी तपासावं. उपस्थितीची सही वेगळी, ठरावाखालची सही वेगळी. कोऱ्या पानावर सही करायची नाही. ठरावाला विरोध असेल तर सूचक, अनुमोदक लिहिले जातात तशीच विरोधाची नोंद नावासकट घ्यायला लावायची, आणि सभा संपायच्या आत ती वाचून घ्यायची. "ताई, नंतर लिहितो" हे मान्य करायचं नाही. हा संवाद खोटी सभा भरवून तीन-चार वेळा म्हणून घ्या.

माळरान
फार उपयोगी. पण दप्तर बाहेर काढायला ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) तयार होतील का? आणि वर्षातून किती वेळा घ्यावं?

नमुना_पाच
त्यांना डावलून केलंत तर दप्तर मिळणार नाही. पहिल्या सत्रात रोकड वही त्यांनीच समजावून सांगावी, विस्तार अधिकारी (पंचायत) यांनी शेजारी बसावं. विस्तार अधिकाऱ्यांची दप्तर तपासणी असतेच, तिलाच जोडून घ्या. मूळ वह्या हलवू नका, मागच्या महिन्याच्या पानांच्या झेरॉक्स पुरतात.

वर्षातून चार वेळा. एप्रिलमध्ये नमुना 9, म्हणजे कर मागणीची नोंदवही, थकबाकीसह. जुलैत रोकड वही. सप्टेंबरमध्ये आराखडा आणि राखीव खर्च, म्हणजे 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी. डिसेंबरमध्ये नमुना 1, अंदाजपत्रक. चावडी म्हणतात तसं आराखडा आधी हवा असेल तर सप्टेंबरपासून सुरू करा, माझी हरकत नाही. एका सत्राला 20 ते 25 जणच. त्याहून जास्त झाले की मागच्यांच्या हातात वही पोचत नाही.